मामांच्या हाताजोगी काठी

धाराशिव जिल्ह्यात मासे धरायच्या कामाला चालले आहे, असं मी सोसायटीत बोलून गेले आणि नसती पंचाईत करून घेतली. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, तिकडं माणसांना प्यायला पाणी नाही, मासे कुठनं आले?" समोरच्या वहिनींनी तर तुळजापूरच्या देवीला घालायला खण-नारळ आणून दिला. मी देवीलाच चालले आहे आणि उगाच माशांचं कारण सांगते आहे, अशी त्यांची पक्की समजूत. आणि माझ्या खांद्यावरची तीन लांबलचक नळकांडी बघून वॉचमन म्हणाला, "मॅडम, पडद्यांचे रॉड बदलले वाटतं?"

खरं सांगायचं तर मासे मला धरायचेच नव्हते. मला काठी निवडायची होती, मामांसाठी. माझे मामा सास्तूरचे. तीस वर्षं त्यांनी बैलगाडीनं कारखान्याला ऊस वाहिला आणि उरलेला सगळा वेळ बांबूची काठी घेऊन पाण्याच्या कडेला घालवला. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. नशीब थोर, पाय सावरला, जीभ सावरली. उजव्या हाताची मूठ तेवढी आवळेना. बोटं वळतात, पण पकड नाही. मग त्यांनी ती बांबूची काठी दोडक्याच्या वेलाला लावून टाकली आणि ओट्यावर जे बसले ते बसलेच.

मामीचा फोन आला. "शकू, माणूस ओट्याला चिकटला गं. पुण्याकडं हलक्या काठ्या मिळत्यात म्हणं. बघ की एखादी."

मामीच्या गळ्यात तुळशीची माळ. शेजारी मासा तळला तरी ही नाकाला पदर लावून आत जाते. तिनं गळाची काठी मागावी म्हणजे गोष्ट कुठल्या थराला गेली असेल, ते मी ओळखलं.

दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "मासेमारी कशी करायची त्यावर काठी ठरते, ताई. पाण्यावर तरंगा सोडून बारीक मासा टिपायचा असेल तर ही लांब काठी. तळाला शिसं सोडून मोठ्या माशाची वाट बघत बसायचं असेल तर ही जाड, बेचक्यावर टेकवून ठेवायची. आणि खोटं आमिष पुन्हा पुन्हा फेकून ओढत आणायचं असेल तर ही आखूड आणि चपळ." त्यानं आखूड काठी रीलसकट, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चाकासकट, माझ्या एका बोटावर आडवी ठेवली. ती जागची हलली नाही. "बघा, कसा तोल आहे!" मी म्हटलं, तोल राहू दे, हे रील जड आहे, ह्याच्यापेक्षा हलकं द्या. अशक्त हाताला हलकंच हवं ना? तो काहीतरी समजावत होता, पण मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षं काट्यावर वजनं केलेली बाई, मला हा काय शिकवणार! आखूड काठीला हलकं रील लावून घेतलं, तिन्ही काठ्या घेतल्या आणि निघाले.

परंडा

कुर्डुवाडीहून परंड्याची एसटी धरली. काठ्या वरच्या फळीवर मावेनात, म्हणून कंडक्टरनं त्या ड्रायव्हरच्या पाठीमागं उभ्या केल्या आणि चढणाऱ्या प्रत्येकाला तो बजावत राहिला, "दमानं! बाईंच्या मच्छरदाणीच्या काठ्या हायत." मी दोनदा त्याला दुरुस्त केलं, मग नाद सोडला.

मामांचा मुलगा दत्तू परंड्याला शाळामास्तर आहे. वयानं माझ्याहून सात वर्षांनी लहान, पोटानं मोठा. चहाचा कप हातात देण्याआधीच त्यानं मला बाजूला घेतलं.

"आक्का, एक ध्यानात ठेव. आण्णांच्या हातात काठी एकदाच द्यायची." आण्णा म्हणजे आमचे मामा. "मागं म्या व्यायामाला रबरी चेंडू आणला हुता. पहिल्याच दिवशी हातातनं निसटला आन् गटारीत गेला. आण्णा काय बोलले न्हाईत, पण त्या चेंडूला परत हात लावला न्हाई. काठी एकदा का हातातनं गळाली, तर संपलंच बघ. परत धरायचे न्हाईत."

म्हणजे परीक्षा एकच आणि फेरपरीक्षा नाही. तेव्हा असं ठरलं की तिन्ही काठ्या आधी आपण पाण्यावर वापरून बघायच्या, एक पक्की करायची, आणि तीच सास्तूरला मामांसमोर काढायची.

सकाळी सीनेच्या धरणावर गेलो. मी दत्तूचा उजवा अंगठा रुमालानं तळहाताशी बांधून टाकला, म्हणजे त्याचीही मूठ वळू नये. आमच्या प्रयोगशाळेत ह्याला नमुना तयार करणं म्हणतात. नमुना कुरकुरत होता. तेवढ्यात जाळं लावून परतणारा एक माणूस ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पालथा पडून, हातांनी पाणी मारत काठाला लागला.

"काय मास्तर, हाताला काय झालं? आन् ह्या बाई डॉक्टर हायत का?"

"बहीण हाय," दत्तू म्हणाला. "डॉक्टर परवडली असती."

लांब काठीनं दहा मिनिटांत दम काढला. तिचं टोक सारखं पाण्यात वाकायचं, नवी नवरी मान खाली घालते तसं. मग आखूड काढली. तिच्यावर माझा सगळा भरवसा, कारण वजनाला ती सगळ्यांत हलकी, मी स्वतः काट्यावर घालून आणलेली. पण पंधरा-वीस वेळा फेकली आणि दत्तू मनगट धरून खाली बसला. मला काही केल्या कारण कळेना, आणि खरं सांगते, कळत नाही म्हटल्यावर राग आला तो दत्तूचाच. "नीट धर की!" म्हणून मी ओरडले. "कशानं धरू? अंगठा तू बांधलायस!" तो म्हणाला.

शेवटी जाड काठी. ती बेचक्यावर टेकवली, शेंड्याला घुंगरू बांधलं आणि दत्तू बाभळीच्या सावलीला आडवा झाला. "आक्का, हीच. हिला हात लागतच न्हाई."

मलाही पटलं. ट्यूबवाला बिडी ओढत ऐकत होता. म्हणाला, "मास्तर, म्हाताऱ्याला मासा धरायचाय का घुंगराची राखण करायचीय?"

आम्ही तिकडं काणाडोळा केला. दुपारी त्याच्याचकडनं चिलापी मासळी घेतली. घरी दत्तूच्या बायकोनं ती जाड तिखटात घोळवून तव्यावर कडक केली आणि वर ज्वारीची पातळ भाकरी वाढली. पुण्यात मी दीड चपातीच्या वर जात नाही. इथं किती भाकऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही आणि कुणी मोजूही दिलं नाही.

नळदुर्ग

दुसऱ्या दिवशी दत्तूच्या जीपनं निघालो. वाटेत तुळजापूरला वहिनींचा खण-नारळ देवीच्या पायावर घातला आणि दुपारी नळदुर्गला हायवेवरच्या एका ढाब्यावर उतरलो. शेंगदाण्याची चटणी, पिठलं आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. माझं पोट भरलं आणि अंगात आलं. म्हटलं, मामांना काठी द्यायची तर फेकून दाखवता तरी आली पाहिजे. ढाब्याच्या मागं मोकळं रान होतं. गळ काढून ठेवला, दोरीला नुसतं शिसं राहू दिलं, आणि जाड काठी घेऊन उभी राहिले. बाजांवरचे ट्रकवाले उठून बसले. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

ढाबेवाला म्हणाला, "बाई, मागं बघून फेका."

मी मागं बघितलं. फेकताना पुढं बघायचं राहिलं. शिसं गेलं ते भलतीकडंच, आणि कडेला उभ्या असलेल्या एका ट्रकच्या ताडपत्रीच्या दोऱ्यांत जाऊन अडकलं. मी ओढतेय, ओढतेय, आणि तेवढ्यात हात धुऊन आलेल्या ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

काय सांगू तुम्हाला! रील असं किंचाळायला लागलं की बाजेखालची कुत्री पळाली. दत्तू बोंबलतोय, "सोड आक्का, सोड!" आणि मी सोडीना. आयुष्यात पहिल्यांदाच काठीला काहीतरी लागलं होतं हो! दोरी संपली, एक हिसका बसला, चार पावलं मी धावलेही, मग सोडलं आणि तळव्यांवर आपटले. काठी मातीतनं उड्या मारत हायवेवर गेली आणि मागनं येणाऱ्या दुसऱ्या ट्रकखाली तिची तीन कांडकी झाली.

"केवढा हुता हो मासा?" ढाबेवाल्यानं विचारलं.

"बारा चाकाचा," बाजेवरनं कुणीतरी सांगितलं.

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली, पण मग त्याच लोकांनी रस्त्यावरची कांडकी गोळा करून आणली, माझ्या तळव्याला हळद लावली आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. आमच्या पुण्यात मी रस्त्यावर आपटले असते तर लोकांनी आधी गाडीवर बसूनच चूक कुणाची ते ठरवलं असतं.

संध्याकाळी किल्ल्यात बोरी नदीच्या पाण्याकडं बघत बसलो, तेव्हा मात्र हसू गेलं. पक्की केलेली काठी मीच घालवली होती. उरल्या दोन, आणि त्या दोन्ही काठ्या हातातच धरायच्या होत्या. परतायची वेळ नव्हती, कारण मामीनं मामांना आम्ही येणार म्हणून सांगून ठेवलं होतं.

"निसटली तर?" दत्तू हळूच म्हणाला.

सास्तूर

भूकंपानंतर वसलेलं गाव, गल्ल्या पट्टीनं आखलेल्या. तरी दत्तू दर वेळी एक गल्ली आधी वळतो आणि परक्याच्या दारात जीप लावतो. मामा ओट्यावर होते. वाळले होते. उजवा हात मांडीवर डाव्या हातानं उचलून ठेवल्यासारखा. "आलीस व्हय?" एवढंच म्हणाले. नळकांड्यांकडं त्यांनी बघितलं नाही. मला रडूच आलं, ते मी तोंड धुण्याच्या निमित्तानं मोरीत जाऊन उरकलं.

मामीनं हुलग्याचे शेंगोळे केले होते. पुण्यात हुलगे म्हणजे घोड्याचा खुराक म्हणून नाक मुरडतात. मुरडोत बापडे. मी तीन वाट्या रस्सा प्यायले आणि काठ्यांचा विषय काढायचं टाळत राहिले.

शेवटी मामाच म्हणाले, "ते काय आणलंय एवढं, काढ की. मामी तुझी चार दिवस झालं डोळ्यानं खुणा करालीय."

मी आखूड काठी जोडली. जीव मुठीत धरून पुढं केली. मामांनी ती डाव्या हातानं घेतली आणि उजव्या हाताच्या एका बोटावर आडवी ठेवली, अगदी त्या दुकानदारासारखी. शेंडा झपकन खाली गेला.

"धुरजड हाय," मामा म्हणाले.

गाडीवानाच्या भाषेत गाडीचं वजन पुढं जास्त झालं की ती धुरजड, म्हणजे सगळा भार बैलांच्या मानेवर. मागं जास्त झालं की उलाळ, म्हणजे जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. मला ते माहीत होतं, पण माझ्या काठीला असं बोललेलं मला लागलं.

"मामा, सगळ्यांत हलकी आहे ती. मी स्वतः वजन केलंय."

"हलकी हाय की. कोण न्हाई म्हणतंय? पर हलकी गाडीबी धुरजड असली की बैलाची मान सुजती. आन् ऊस रचून भरलेली गाडी तोलात असंल, तर बैलं खुळखुळ वाजवीत जात्यात. वझं मारीत न्हाई शकू, वझ्याची मांडणी मारती."

तेवीस वर्षं काट्यावर घातली आणि हे मला कळलं नव्हतं! दुकानातलं जड रील मागच्या बाजूला बसून तोल सांभाळत होतं. मी शहाणी, मीच ते काढून हलकं लावलं. दत्तूच्या मनगटाला झालेल्या त्रासाची मी मनातल्या मनात माफी मागितली. तोंडानं मागितली नाही, नाहीतर तो डोक्यावर बसला असता.

"दत्तात्रय, जुन्या जाळ्याचं शिसं आण. आन् सायकलची फाटकी ट्यूब."

मग दोन तास ओट्यावर कारखाना. दत्तू ट्यूबच्या पट्ट्या कापतोय, मी शिशाच्या गोळ्या काठीच्या मुठीमागं धरतेय, मामा बोटावर तोलून सांगतायत, "आनखी येक. न्हाई, काढ. अर्धी घाल." मामी मधेच येऊन किंचाळली, कारण मरळ ह्या माशासाठी आणलेला रबरी बेडूक चुकून तिच्या निवडलेल्या तांदळात जाऊन पडला होता. माळकऱ्याच्या घरात बेडूक! तिनं ते तांदूळ धुतले, परत धुतले, आणि अखेर कोंबड्यांना टाकले.

शेवटी काठी बोटावर स्थिर झाली. मी हातात घेतली तर आधीपेक्षा जड, पण हातात काही नसल्यासारखी. शेंडा आपला आपण वर. मला इतका आनंद झाला की मी दत्तूला गुद्दा घातला.

चारला माकणीच्या धरणावर गेलो. बेडूक दोरीला बांधला. मामांनी काठी घेतली, डावा हात मुठीमागं, उजव्याचा नुसता आधार, आणि फेकली. बेडूक बरा गेला. डाव्या हातानं रील फिरवायला लागले, उजव्या तळव्यावर काठी. आणि दुसऱ्याच फेऱ्याला शेंडा खाली गेला, काठी कलंडली, निसटली आणि दगडावर खट्टकन पडली.

दत्तूनं डोळे मिटले. मामा खाली पडलेल्या काठीकडं बघत राहिले. आता हे वळणार आणि जीपमध्ये जाऊन बसणार, असंच मला वाटलं.

"म्या येडा," मामा म्हणाले.

"आण्णा, राहू द्या—"

"अरं काय राहू द्या? रिकामी गाडी जोखली की म्या! तीस वर्षं ऊस वाहिला आन् रिकामी गाडी जोखली!" ते चक्क हसायला लागले. "घरी बेडूक कुठं बांधला हुता? दोरी भिजली हुती का? पाण्याची वढ धरली हुती का? गाडी भरल्यावर जोखायची असती रं. शकू, आण ते शिसं."

काठी त्यांनी स्वतः उचलली. दगडावर बसून, भिजल्या दोरीसकट, बेडूक टोकाला लोंबता ठेवून परत तोल काढला. आणखी दोन गोळ्या लागल्या. मग त्यांनी रीलचा काठीला जोडलेला दांडा उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात घेतला आणि मूठ वळायचा प्रयत्नच केला नाही. तळवा उघडा, काठी त्यावर नुसती टेकलेली. आवळायची गरजच उरली नव्हती.

फेकली. ओढली. परत फेकली. काठी जागची हलली नाही.

दिवस मावळेपर्यंत मामा फेकत होते. मासा मिळाला नाही. एकदा गवताच्या कडेला बेडकामागं मरळ उसळली, पाणी फुटलं आणि गप्प झालं. मामा एवढंच म्हणाले, "हाय. हितंच हाय." आणि आम्हाला जागा सोडून मागं सरकायला सांगितलं.

निघताना

आमच्याकडं अशी रीत आहे की माहेरवाशीण भाची निघाली की मामानं तिच्या पाया पडायचं, हातावर काहीतरी ठेवायचं आणि वेशीपर्यंत घालवायला यायचं. मामांनी ती कधी चुकवली नाही. दवाखान्यात होते तेव्हासुद्धा खाटेवरनं हात जोडले होते.

सकाळी मी पिशवी भरली, मामीनं ओटी भरली, धपाट्यांचं गाठोडं दिलं, आणि ओट्यावर बघते तर मामा नाहीत. काठीही नाही.

"गेलं!" मामी संतापानं लाल झाली होती. "उजाडायला दूधवाल्याच्या फटफटीवर बसून गेलं माकणीला! सांगून तरी जावं माणसानं! भाची निघाली, तिच्या पाया पडायचं सोडून हे बेडूक घेऊन पळालं! आगं लोक काय म्हणतील?"

ती बोलत होती आणि तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहत होतं. मी तिला मिठी मारली. पन्नाशी गाठली मी, पण एवढा मोठा मान मला त्या घरात कधी मिळाला नव्हता.

"धरणावरनं जाऊ," मी दत्तूला म्हटलं.

रस्ता उंचावरनं जातो. खाली पाण्याच्या कडेला धोतर खोचून मामा उभे होते. डावा हात रीलवर फिरत होता, उजवा पुढं, त्यावर काठी. मी खिडकीतनं दोन्ही हात हलवले. "मामा, येते हो!" म्हणून ओरडले. त्यांचं लक्षच नव्हतं. दत्तूनं मग लांबलचक हॉर्न दिला.

मामांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. तिथनंच खणखणीत आवाजात ओरडले, "हॉर्न बंद कर रं बेण्या! मासा लागलाय! मास्तर झाला तरी अक्कल न्हाई आली!"

दत्तूनं जीपच बंद केली. स्टेअरिंगवर डोकं टेकलं. त्याचं पोट गदागदा हलत होतं, हसतोय की रडतोय ते मला आधी कळेना.

"आक्का," तो डोळे पुसत म्हणाला, "दोन वर्षं झाली, आण्णा मला दत्तात्रय म्हणून हाक मारायले हुते गं."